सुट्टी, खेळ आणि आडनाव

परीक्षा संपल्या की मुलांना मोकळे रान मिळते. आईबाप मात्र कामावरच असतात. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करणारी. अशा घरात सुट्टीत भावंडे एकमेकांच्याच भरवशावर असतात. थोरली धाकट्याला जेवू घालते, भांडणातून सोडवते. पण काही भांडणे अशी असतात की तिथे थोरलीचेही काही चालत नाही. अशाच दोन भावंडांची ही हकीगत. नावे मुद्दाम देत नाही.

बहीण तेरा वर्षांची, भाऊ नऊचा. वस्तीतली खोली सोडून हे कुटुंब मे महिन्याच्या सुरुवातीला नव्या इमारतीत राहायला आले. वस्तीत सगळे आपले होते. इथे ओळखीचे कोणी नाही. खाली अंगणात पोरांचे क्रिकेट चाले. धाकटा दोन दिवस कठड्याला टेकून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला खेळात घेतले. पण त्याआधी एकाने विचारले, "आडनाव काय तुझं?"

त्याने आडनाव सांगितले. मग घरात कोणता देव, भिंतीवर कोणाचा फोटो, ही चौकशी झाली. त्या दिवसापासून त्याच्या वाट्याला बॅट आली नाही. गटारात गेलेला चेंडू काढायचा असला की हाक त्यालाच. पाण्याची बाटली सगळ्यांत फिरे, त्याच्यापाशी आली की म्हणत, "तू घरी जाऊन पी." कधी कधी नावाऐवजी जातीवरून हाक मारत आणि हसत.

बहिणीला हे कळले तेव्हा ती भांडायला खाली उतरली. पोरे तिलाही हसली. आईला सांगावे तर ती दमून येते, वडिलांना सांगावे तर ते रागावतील. म्हणून तिने आपल्या बुद्धीने तोड काढली. बाजूच्या इमारतीमागेही पोरे खेळत. तिने भावाला तिकडे नेले आणि बजावले, "इथं दुसरंच आडनाव सांग." युक्ती लागू पडली. भावाला बॅट मिळाली, बाटलीतले पाणीही मिळाले.

आठवडा बरा गेला. एके दुपारी वडील पाळी संपवून त्याच वाटेने येत होते. अंगावर खात्याचा गणवेश, हातात डबा. मुलाला खेळताना पाहून त्यांनी कौतुकाने हाक मारली. मुलाने ऐकले आणि पाठ फिरवली.

"कोण रे ते?" एका पोराने विचारले.

"माहीत नाही," मुलगा म्हणाला.

वडिलांनी ते ऐकले. काही न बोलता ते घरी गेले. रात्री त्यांचे ताट तसेच राहिले. तेव्हा बहीण रडत म्हणाली, "अप्पा, त्याची चूक नाही. मीच त्याला नाव लपवायला शिकवलं."

वडिलांनी हात उगारला नाही. त्यांनी फळीवरचे बाबासाहेबांच्या आठवणींचे छोटे पुस्तक काढले आणि मुलीला मोठ्याने वाचायला लावले.

ती आठवणही उन्हाळ्याच्या सुट्टीचीच आहे. साल १९०१. बाबासाहेब तेव्हा साताऱ्यात शिकणारे, दहा वर्षांचे भीमराव होते. वडील कोरेगावला नोकरीवर. सुट्टीत इकडे या, असे त्यांनी कळवले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि घरातली बरोबरीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे.

रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ जेवण होते, पाणी नव्हते. गाडीवानाने सुचवले की, मुसलमान आहोत असे सांगून बघा. भीमरावांनी तसे सांगितले.

"मग पाणी दिलं?" धाकट्याने विचारले.

"नाही," बहीण पुस्तकातून मान वर करून म्हणाली. "सगळे उपाशीच झोपले."

घरात कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, "नऊ-दहा वर्षांच्या पोरानं तहानेपोटी नाव लपवलं, यात त्याचा काय दोष? पण तोच पोरगा मोठा झाल्यावर त्यानं ही गोष्ट स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. लाज त्याला वाटली नाही. लाज नाकारणाऱ्याला वाटायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोघे भावंडे मिळूनच खाली गेली. धाकट्याने खरे आडनाव सांगितले आणि म्हणाला, "काल आले ते माझे वडील." दोन पोरे खेळ सोडून गेली. बाकीची थांबली. एक म्हणाला, "मग काय झालं? तुझी बॉलिंग आहे, टाक." सगळेच जिंकले असे नाही. पहिल्या अंगणातली पोरे अजून तशीच आहेत. पण संध्याकाळी वडिलांचा डबा घ्यायला मुलगा पळत पुढे जातो.

आईबापांनो, या हकीगतीतून आपणही शिकायचे आहे. मूल एकाएकी खेळायला जाईनासे झाले, गप्प झाले, तर "दुर्लक्ष कर" म्हणून विषय संपवू नका. बसवून विचारा. "तूही दोन ठेवून दे" असेही शिकवू नका. त्या मुलांच्या आईवडिलांना जाऊन शांतपणे भेटा. शाळेत असे घडले तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा. मोठ्या माणसाने चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे. मूल संकटात असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक घरात लिहून ठेवा.

आणि थोरल्या भावंडांवर सगळा भार टाकू नका. या ताईने भावावरच्या मायेनेच खोटे शिकवले. तिला सांगायला घरात कोणी मोठे माणूस मोकळे असते, तर ती वेळ आली नसती. सुट्टीत विहारात मुलांना एकत्र बसवा, गोष्टी वाचून घ्या, खेळ घ्या. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरेही उन्हाळ्यात भरतात, तिथे मुलांना पाठवा. आपले नाव ताठ मानेने सांगायची सवय घरातूनच लागते. दिवसभराच्या कामानंतर मुलांसाठी अर्धा तास काढणे जड जाते, हे खरे. पण तो अर्धा तास काढाच.

जयभीम!