‘मेरी सेलेस्ट’चे दोन कप्तान

‘मेरी सेलेस्ट’ हे नाव उच्चारताच भर समुद्रात माणसांवाचून वाहत चाललेले जहाज डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्या प्रसंगानंतरही हे जहाज बारा वर्षे माल वाहत होते, आणि त्याचा शेवट कसा झाला यात फारसे गूढ नाही.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात १८६१ साली हे दोन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज पाण्यात उतरले. तेव्हा त्याचे नाव ‘ॲमेझॉन’ होते. पहिल्याच सफरीत कप्तान आजारी पडून वारला. १८६७ मध्ये वादळाने ते किनाऱ्यावर चढविले आणि मालकांनी त्यावर पाणी सोडले. पुढे डागडुजी होऊन ते अमेरिकेचे झाले, नावही बदलले. १८७२ च्या दुरुस्तीनंतर ते २८२ टनांचे व सुमारे १०३ फूट लांब भरले.

अशा लहान जहाजाची मालकी बहुधा वाट्यांनी असे. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज याचाच एकतृतीयांश वाटा होता. पत्नी, दोन वर्षांची कन्या आणि सात खलाशी यांसह, १,७०१ पिंपे मद्यार्क घेऊन ७ नोव्हेंबर १८७२ रोजी तो न्यूयॉर्कहून जिनोआकडे निघाला. डिसेंबरच्या प्रारंभी अझोर्स बेटे व पोर्तुगाल यांच्या दरम्यान ‘डेई ग्राशिया’ जहाजाला ते निर्मनुष्य आढळले. तळात साडेतीन फूट पाणी होते, एक पंप उकललेला होता, होडी व दिशा पाहण्याची उपकरणे नव्हती. अन्नसाठा मात्र शाबूत होता. (टेबलावरचा वाफाळता चहा ही पुढच्या कथाकारांची देणगी!) जिनोआस नऊ पिंपे रिकामी निघाली. मद्यार्काच्या वाफेचा स्फोट होईल, किंवा जहाज बुडते आहे, अशा भयाने ब्रिग्जने माणसांना तात्पुरते होडीत उतरविले असावे, हा तर्क त्यातल्या त्यात पटण्याजोगा आहे. त्या दहा जणांचा मागमूस पुन्हा कधी लागला नाही.

नंतरच्या मालकांना जहाजाने तोटाच दिला. जुने लाकूड, आणि त्यात अपशकुनी म्हणून झालेला बोभाटा! १८७९ मध्ये आणखी एक कप्तान सेंट हेलेना बेटावर वारला. अखेर गिल्मन पार्कर या कप्तानाने बोस्टनच्या काही व्यापाऱ्यांशी संगनमत करून जहाजात बव्हंशी टाकाऊ माल भरला, कागदोपत्री तो मौल्यवान दाखविला आणि ३०,००० डॉलरांचा विमा उतरविला. ३ जानेवारी १८८५ रोजी त्याने ते हैतीजवळच्या रोशलवा या प्रवाळखडकावर सरळ नेऊन घातले. हा खडक नकाशात स्पष्ट दाखविलेला होता; चुकून आदळण्याचा प्रश्नच नव्हता.

तथापि उरलेला माल विकत घेणाऱ्या अमेरिकी वकिलाने तो कवडीमोलाचा असल्याचे उघड केले. बोस्टनमध्ये खटला उभा राहिला. जाणूनबुजून जहाज घालविण्याच्या गुन्ह्यास तेव्हा देहदंड होता, म्हणूनच की काय, पंचांचे एकमत होईना. आरोपींनी विम्याचे दावे मागे घेतले, मिळालेले पैसे परत केले, आणि पार्कर सुटला. तीनच महिन्यांनी तो दारिद्र्यात मरण पावला.