चरणाऱ्या गुरांची प्रकृती आणि संवेदक

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यास एकीकडे गोदावरीकाठची काळी जमीन, तर दक्षिणेकडे बालाघाटचा डोंगराळ भाग लाभला आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारवरून नाव मिळालेला लाल कंधारी गोवंश आणि मराठवाडी म्हैस हे या टापूचे पशुधन होय. दिवसभर गायरानात चरावयाचे आणि सायंकाळी दावणीस यावयाचे, असा येथील कित्येक जनावरांचा क्रम असतो. त्यामुळे पशुपालकाच्या नजरेस ती दिवसातून थोडाच वेळ पडतात, आणि नेमके येथेच नुकसान होते.

गाय सरासरी २१ दिवसांनी माजावर येते. हा माज साधारणतः १२ ते १८ तास टिकतो. देशी गाईत तो याहूनही अल्पकाळ असतो. त्याची लक्षणे पुष्कळदा रात्री वा पहाटे दिसतात. म्हशीचा माज तर बहुधा मुकाच. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, हा नियम सर्वपरिचित आहे. परंतु माज दिसलाच नाही तर नियमाचा उपयोग काय? एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा खर्ची पडतो आणि पुढचे वेतही तितकेच लांबते.

ही उणीव भरून काढण्यासाठी संवेदक, म्हणजेच सेन्सर, उपयोगी पडतात. माजावरील गाय अस्वस्थ होऊन नेहमीपेक्षा कितीतरी अधिक चालते. अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गाईंच्या पायांना पावले मोजणारी साधने बांधून ही वाढ सुमारे दुप्पट ते चौपट असल्याचे दाखविण्यात आले. आज हेच काम गळपट्ट्यातील चिमुकले साधन करते. भ्रमणध्वनी आडवा धरताच पडद्यावरील चित्र ज्या यंत्रणेमुळे फिरते, तीच यंत्रणा येथे मानेची हालचाल टिपते. खाली मान घालून चरणे, उभे राहणे, रवंथ करणे यांची लय निरनिराळी असल्याने जनावर काय करीत आहे हे ओळखता येते.

निरोगी गाय दिवसातून सुमारे ७ ते ८ तास रवंथ करते. आजाराची इतर लक्षणे उघड होण्यापूर्वीच पुष्कळदा रवंथ घटते. म्हणून रवंथीची नोंद ही प्रकृतीची नाडीच मानली जाते. गिळविलेली जड गोळी जाळीपोटात राहून शरीराचे तापमान कळविते. गार पाणी पिताच तेथील तापमान काही काळ उतरते. त्यावरून पाणी पिण्याचीही नोंद होते.

तथापि चरणाऱ्या जनावरांच्या बाबतीत एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. यांतील बरीच साधने गोठ्यातील संकरित वा विदेशी गाईंवर पारखलेली आहेत. माळरानावर मैलोन्‌मैल चालणाऱ्या लाल कंधारी गाईस तेच मोजमाप लावल्यास ती रोजच माजावर असल्याचा इशारा मिळेल! यास्तव प्रत्येक जनावराची तुलना त्याच्याच मागील काही दिवसांच्या नोंदींशी आणि त्याच कळपातील इतर जनावरांशी झाली पाहिजे. परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांकडून स्थानिक जातींची अशी पारख होणे म्हणूनच मोलाचे ठरेल.

खर्चाचाही विचार हवा. लाल कंधारी गाईचे दूध बेताचे. तिचे खरे मोल काटकपणात आणि तिच्या पोटच्या बैलांत आहे. प्रत्येक गुरास गळपट्टा घेणे सामान्य पशुपालकास परवडणारे नाही. त्यापेक्षा गावाच्या दूध संस्थेने मोजके पट्टे घ्यावेत, ते नुकत्याच व्यालेल्या जनावरांना बांधावेत आणि गर्भधारणेची खात्री होताच पुढील जनावरास द्यावेत, हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे.

संवेदक फक्त ‘आज हे जनावर कालच्यासारखे नाही’ एवढेच सांगतो. ते तिवा, फऱ्या की कासदाह, याचा निर्णय पशुवैद्यकानेच करावयाचा असतो. आणि कोणते जनावर कळपामागे रेंगाळते, हे गुराख्याच्या अनुभवी डोळ्यास आधी दिसते. यंत्राने त्याची जागा घ्यावयाची नसून त्याच्या नजरेपलीकडच्या रात्रीची राखण करावयाची आहे.

या सर्वांचा पाया म्हणजे नोंद. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला ही त्याची ओळख. राज्यात १ जून २०२४ पासून खरेदी-विक्री व वाहतुकीसाठी तो आवश्यक करण्यात आला आहे. या क्रमांकापुढे माज, रेतन, वेत व लसीकरण यांच्या तारखा मांडल्या नसतील तर महागडा गळपट्टाही मुकाच राहील. ग्रामपंचायत सदस्यांनी अशा नोंदीचा आग्रह धरावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरच्या गाईचा रवंथीचा काळ घड्याळ लावून मोजून घ्यावा. संवेदक गावात येईल तेव्हा येईल. निरीक्षणाची सवय मात्र आजच लावता येण्यासारखी आहे.