कार्बनचा उजेड

हॉलिवूडच्या जुन्या नटनट्यांचं नाव काढलं की डोळ्यांपुढे लाल गालिचा येतो आणि रात्रीच्या आभाळात फिरणारे उजेडाचे झोत येतात. हा थाट बसवला सिड ग्रॉमन या थिएटरमालकाने. १८ ऑक्टोबर १९२२ ला लॉस एंजेलिसच्या इजिप्शियन थिएटरात डग्लस फेअरबँक्सचा ‘रॉबिन हूड’ लागला, आणि १८ मे १९२७ ला ग्रॉमनच्याच चायनीज थिएटरचा पडदा उघडला तोवर रस्त्यावरची गर्दी हा खेळाचाच भाग होऊन बसला होता. गालिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, झोतांबद्दल कमी. ते कार्बन आर्कचे दिवे होते, लष्कर विमानं हेरायला वापरी त्याच जातीचे. तोच कार्बन महाराष्ट्राच्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजच्या मशीनमध्ये जळत होता. म्हणून अंबडसारख्या तालुक्याच्या गावाचा प्रीमियर शोधायचा तर तो जत्रेच्या तंबूत शोधावा, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईत मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. अंबड त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं. आज ते ज्यात येतं तो जालना जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडलं. इथला मोठा दिवस म्हणजे माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसलेल्या मत्स्योदरी देवीची नवरात्रातली यात्रा. अशा गावांकडे नट फिरकत नसत, फिरायची ती रिळांची पेटी. पण पेटीलाही मान होता. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात ‘मुघल-ए-आझम’ची रिळं हत्तीवरून वाजतगाजत आणली गेली, तो मान पेटीचाच. फाळके हे आधीच ओळखून होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात त्यांनी केली ती ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि दर फक्त तीन आणे, अशी. फूटभर फिल्मवर १६ चौकटी बसतात. चित्रपटाच्या ३७०० फुटांत त्या ५९ हजार भरतात, म्हणजे पहिला आकडा जवळपास खरा. लांबी मात्र पाऊण मैलही होत नाही. खऱ्याखोट्याचं हे माप ज्याला साधलं त्याला तंबूच्या भोंग्यावरून बोलताही आलं असतं.

आता त्या दिव्याकडे जरा जवळून पाहू. पत्र्याच्या डब्यात पेन्सिलीएवढ्या दोन कांड्या टोकाला टोक लावून ठेवतात आणि वीज सोडून किंचित लांब करतात. मधल्या फटीत ठिणगीचा पूल बनतो. एका कांडीच्या टोकाला खळगा पडतो, तो साडेतीन हजार अंशांवर तापतो आणि खरा उजेड तिथून येतो. अडचण एवढीच की कांड्या जळून आखूड होत जातात आणि फट वाढते. वाढली की पडदा पिवळा पडतो, मग काळवंडतो. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून आत बघत बोटाने मूठ फिरवत राहतो. पुढे फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते आणि पुन्हा सुटते. अडकली तर तिला भोक पडायला डोळ्याचं पातं लवायचा अवधी पुरतो. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. मशीन एकच असेल तर तंबूत दिवे लागतात, शिट्ट्या पडतात. हिरोइनचा चेहरा उजळ राहिला का, हे त्या बोटावर ठरतं. मेकअपमनला श्रेय मिळतं, कॅमेरामनला पुरस्कार मिळतो. या बोटाचं नाव कोणत्याच श्रेयनामावलीत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रीमियरला नट हाडामांसाचा असतो, तंबूत त्याची सावली. दोन्ही एका मापाने कसे मोजता? पण ग्रॉमनच्या दारापाशी ताटकळलेल्या गर्दीलाही नट दिसायचा तो मोटारीच्या दारापासून थिएटरच्या दारापर्यंत, दहा-वीस पावलं. बाकी सारी रात्र वाट पाहणं आणि उजेड. ही दोन्ही तंबूत होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तंबूत धूळ होती, बसायला जमीन होती, झिजलेल्या प्रिंटवर पाऊस पडल्यासारख्या रेघा होत्या, बायकांना वेगळी बाजू होती, आणि शहरातून दमून आलेला चित्रपट गावाला नवा म्हणून मिळत होता. हे सगळं खरं आहे, त्याला गोडवा लावायचं कारण नाही. मात्र गाव एका रात्री एका पडद्यासमोर गोळा होई, आणि ते घडवायला दुसरं काही त्यानंतर आलं नाही. मोबाइलवर चित्रपट येतो. तो आला म्हणून कुणी अंगावर नवे कपडे चढवत नाही.

खरी अडचण यंत्राची आहे. फुजीने २०१३ साली सिनेमाची फिल्म बनवणं बंद केलं. त्याच सुमारास आपल्याकडे प्रिंट काढणं थांबत गेलं आणि चित्रपट डिजिटल सर्व्हरवरून येऊ लागले. जुन्या मशीनला नवा चित्रपट चालत नाही आणि नवं मशीन ट्रकभर धुळीत टिकत नाही. टिकलं तरी जत्रेच्या तिकिटांत त्याची किंमत निघत नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ ला कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात प्रकाश नावाचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांनी स्वतःच्या डोक्याने प्रोजेक्टर बनवला, आणि तो तयार होईतो गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. नावात उजेड असलेल्या माणसाची ही गत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून रिळं सांभाळतं आहे. पण काळ्या काचेतून बघत मूठ किती फिरवायची हे कळणारं बोट कपाटात ठेवता येत नाही. ते चालू ठेवायचं तर मशीन चालवावंच लागेल. पाळण्याला आणि मौत के कुएँला यात्रेत जागा निघते. एका रात्रीपुरती, भाडं न घेता, एवढीच जागा यात्रेच्या आयोजकांनी एखाद्या जुन्या ऑपरेटरला द्यावी. चित्रपट कोणताही चालेल.