गुडघ्यात इंजेक्शन घेताय? आधी नाव विचारा

नावडे (ता. पनवेल) : आजूबाजूची बरीचशी जमीन सिडको आणि तळोजा एमआयडीसीत गेली, लावणी थोडक्यांच्याच वाट्याला राहिली. पण तरुणपणी चिखलात वाकून आवण लावलेल्या बायकांचे गुडघे आता साठीत बोलू लागलेत. डॉक्टर म्हणतात, ‘वाटी झिजली, इंजेक्शन देऊ’, आणि घरचे मान डोलावतात. कसलं इंजेक्शन, हे फारसं कोणी विचारत नाही. ते मात्र एकच नसतं.

सगळ्यात स्वस्त आणि लवकर लागू पडणारं ते स्टेरॉईडचं. सूज उतरते, काही दिवसांत पाय मोकळा होतो. आराम मात्र काही आठवड्यांचाच. घात होतो तो इथेच. बरं वाटलं म्हणून माणूस पुन्हा जातो, कधी दुसऱ्याच डॉक्टरकडे, आणि आधीचं सांगत नाही. अमेरिकेत १४० रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी स्टेरॉईड, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी, असं दोन वर्षं दिलं. २०१७ मध्ये निकाल आला : स्टेरॉईडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक काहीच नाही. शिवाय मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते. सांधा बदलायचं ठरलं असेल तर आधीच्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन टाळतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून.

दुसरं ‘वंगणाचं’, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. सांध्यात ते मुळातच असतं. औषधातलं कोंबड्याच्या तुऱ्यापासून किंवा जिवाणूंपासून बनवतात. हे महाग पडतं. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खोट्या इंजेक्शनपेक्षा फायदा अगदीच किरकोळ दिसला.

तिसरं पीआरपी. आपलंच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात सोडतात. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर करून पाहिलं. २०२१ च्या निकालात वर्षभरानंतर सलाईनच्या पाण्यापेक्षा खास फरक नव्हता. काही डॉक्टरांचं मत वेगळं आहे, वाद चालूच आहे. पण कर्ज काढून घ्यावं असं हे औषध नक्कीच नाही. आणि कोणी गुडघ्यासाठी ‘स्टेम सेल’चे पैसे मागितले तर सरळ उठून यावं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांत तो प्रयोगच होता, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

मग करायचं काय? अमेरिकेतच १५६ जणांवरच्या २०२० च्या अभ्यासात वर्षअखेरीस स्टेरॉईडपेक्षा फिजिओथेरपीवाले बरे निघाले. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती दाबून पाच आकडे मोजा, सोडा. याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुतेक कोणी करत नाही.

तरीही दुखणं फार असेल, घरात लग्नकार्य असेल, तर स्टेरॉईडचं एखादं घ्यायला हरकत नाही. औषधाचं नाव, तारीख आणि कुठला गुडघा, एवढं कागदावर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. इंजेक्शननंतर गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.