जोडी कोणी ठरवायची?

सुझन कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ 2008 साली आली आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजीत त्या घाटाच्या कुमार कादंबऱ्यांची रीघ लागली. मांडणी ठरलेली: उद्याचं बिघडलेलं जग, सगळं ठरवणारी राजवट, सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि राजवटीला न चालणारं प्रेम. अ‍ॅली काँडीच्या ‘मॅच्ड’मध्ये (2010) जोडीदार राजवटच निवडते. लॉरेन ऑलिव्हरच्या ‘डिलिरियम’मध्ये (2011) प्रेम हा रोग, आणि अठराव्या वर्षी त्यावर सक्तीचा इलाज. अशा पुस्तकांचं वेड थरारामुळे, प्रेमाच्या त्रिकोणामुळे लागतं असं म्हणतात. मला वाटतं, ते ओळख पटल्यामुळे लागतं. सोळाव्या वर्षी मन मोठ्या माणसाचं झालेलं असतं आणि निर्णय मात्र दुसऱ्यांच्या हाती असतात. कादंबरी त्या दुसऱ्यांच्या अंगावर गणवेश चढवते, इतकंच.

धाराशिव जिल्ह्यात ही ओळख पटायला भविष्यकाळाची गरज नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता. साहजिकच हंगामाआधी लग्न उरकण्याची घाई होते. त्यात वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची धास्ती. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, आणि मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. ‘मॅच्ड’मधली राजवट जोड्या जमवायला माहितीचे ढीग उपसते, इथे उचलीचा हिशेब पुरतो.

यावर कोणी म्हणेल, ही इंग्रजी पुस्तकं कळंबच्या पोरीपर्यंत पोचली कधी? फारशी नाहीच पोचली, हे खरं. पण गोष्ट पोचली. परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या मातीतून नागराज मंजुळे यांनी 2016 साली ‘सैराट’ हा चित्रपट उभा केला. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परशा; त्यांना अडवायला काल्पनिक हुकूमशहा लागला नाही, जात आणि गावची सत्ता पुरेशी होती. कायद्याचा आधार घ्यावा, तर 1954च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्नाची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते, आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. पळून आलेल्या जोडप्याला हे तीस दिवस किती लांब वाटत असतील! ‘सैराट’ पाहायला चित्रपटगृहांत तरुणांची जी झुंबड उडाली, ती नुसत्या ‘झिंगाट’ गाण्यासाठी होती असं मी मानत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रेमकथा आली की अन्यायाचा प्रश्न मागे पडतो आणि वाचक नायिकेने कोणाला निवडावं यावर वाद घालत बसतो. बऱ्याच नकली कादंबऱ्यांबाबत हे खरंच आहे. चांगल्या कादंबरीत मात्र प्रेमच संशयाच्या फेऱ्यात येतं. ‘हंगर गेम्स’मध्ये पीटा नायिका कॅटनिसवरचं प्रेम कॅमेऱ्यासमोर जाहीर करतो, पुढे जगायचं तर तिला ते प्रेम प्रेक्षकांसाठी वठवावं लागतं, कारण प्रेक्षक रिझले तर मदत येते. त्यातलं तिचं स्वतःचं किती, हे तिलाही धड कळत नाही. व्यवस्था माणसाच्या किती आत शिरते हे दाखवायला याहून नेमका प्रसंग मला सुचत नाही.

मराठी कुमारसाहित्याने साहस भरपूर दिलं. फास्टर फेणेच्या सायकलवर पिढ्या वाढल्या. प्रेमाचा विषय मात्र आपण मोठ्यांच्या कपाटात ठेवला, जणू तो अठरा पूर्ण झाल्यावरच सुरू होतो. उसाच्या फडावर गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची अशी कादंबरी, तिला स्वतःला वाचता येईल अशा मराठीत, मराठवाड्यातल्या कोणीतरी आता लिहायला घ्यावी.