लहानग्यांचा संगणक – भाग ४ : आधी 'ळ' शोधा

मागच्या भागात वेळेचा हिशेब पाहिला. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. आता प्रश्न येतो तो त्या वेळात मुलांसमोर काय उघडायचं याचा.

वेळापूरच्या आईबापांनी अक्षरओळखीचं ॲप घेताना आधी वर्णमालेच्या शेवटापर्यंत जावं आणि 'ळ' आहे का ते बघावं. हिंदी वर्णमालेत तो नसतो. तीच वर्णमाला 'मराठी' अशी पाटी लावून पुढे केली असेल, तर पोराला स्वतःच्या गावाचं नावही लिहिता येणार नाही. मग 'ज्ञ'वर बोट ठेवा. 'ग्य' ऐकू आलं तर ते ॲप तिथेच बंद करा. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी ज्या गावात मुक्कामाला येते, तिथल्या लेकरानं 'ग्यानेश्वर' का म्हणावं? 'ल'चं वळणही तपासा. मराठी 'ल' पाकळ्यांचा, त्याला हिंदीसारखा उभा दांडा नसतो. अंगणवाडीतल्या फळ्यावर एक वळण आणि मोबाइलवर दुसरं, असं झालं की चार वर्षांचं मूल गोंधळतं आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणून रागावतो.

मुलांची भाषा आधी, यंत्र नंतर, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांची घरची भाषा कन्नड होती. रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती शिकून घेतली, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ती मुलं मोठी, प्राथमिक शाळेतली. पण हा क्रम बालवाडीला तर अधिकच लागू पडतो.

अक्षरं बाजूला ठेवा. या वयात मला त्याहून मोलाचं वाटतं ते मुलाच्या हाताला मिळणारं काम. घरी जुना संगणक असेल तर 'जीकॉम्प्रि' हे मोफत सॉफ्टवेअर घालून घ्या. ते दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या एका खेळात माउस नुसता फिरवायचा. वरचे ठोकळे पुसले जातात आणि खालून चित्र उघडं पडत जातं. क्लिकही करावं लागत नाही. माउस धरायला नुकतंच शिकणारं मूल इथे आपण केलेलं लगेच डोळ्यांनी बघतं, आणि पुढचं कुठे पुसायचं ते स्वतः ठरवतं. 'टक्स पेंट' हेही असंच मोफत, चित्रं काढायचं. काढलेलं आवडलं नाही तर मागे जाता येतं, आणि चूक-बरोबर सांगायला कोणी मध्ये येत नाही. दोन्ही एकदा घालून घेतली की इंटरनेट लागत नाही, जाहिराती नाहीत.

उलट ज्या ॲपमध्ये दर उत्तराला टाळ्या, नाणी, फटाके उडतात, तिथे मूल उत्तराचा विचार सोडून फटाक्यासाठी बोट आपटत राहतं. पाच मिनिटं शेजारी बसलात तरी हे दिसेल.

मोबाइलच द्यायचा असेल तर ॲप उघडण्याआधी फ्लाइट मोड लावा. त्यात जे चालत नाही, ते मुलाच्या हातात देऊ नका.