विश्लेषण : नाझारेच्या राक्षसी लाटा मोबाइलवर कशा पोहोचल्या? व्हिडीओंनी सर्फिंगला काय दिले, काय झाकले?

लाल दीपगृह, त्याच्या कठड्याला टेकलेली गर्दी आणि मागे उभी राहिलेली पाण्याची अजस्र भिंत. त्या भिंतीच्या उतारावर पांढरी रेघ ओढत खाली येणारा एक ठिपका. काही सेकंदांचा हा व्हिडीओ सर्फिंगशी काडीचा संबंध नसलेल्यांच्या मोबाइलवरही कधी ना कधी येऊन गेलेला असतो. हे ठिकाण म्हणजे पोर्तुगालमधील नाझारे. या गावाला कॅमेऱ्याने जगाच्या नकाशावर आणले आणि अनेकांना समुद्राकडे खेचले. मात्र कॅमेऱ्याच्या चौकटीत जे मावत नाही, त्यावरच सर्फरचा जीव अवलंबून असतो.

नाझारे प्रकाशात कसे आले?

नाझारे हे अटलांटिक महासागराच्या काठावरील सुमारे १५ हजार वस्तीचे मासेमारीचे गाव. उन्हाळ्यात तेथे पर्यटकांची वर्दळ असे, हिवाळ्यात मात्र सारे शांत. गावाच्या उत्तरेकडील ‘प्राया दो नॉर्ते’ या किनाऱ्यावर हिवाळ्यात उसळणाऱ्या लाटा स्थानिकांना ठाऊक होत्या, पण त्यांच्याविषयी कौतुकापेक्षा धास्तीच अधिक होती. २००५ मध्ये दिनो कासिमिरो या स्थानिक बॉडीबोर्डरने या लाटांचे छायाचित्र हवाईतील सर्फर गॅरेट मॅकनमारा यांना ई-मेलने पाठवले. मॅकनमारा प्रत्यक्ष आले २०१० मध्ये. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर २०११ रोजी ते येथे ७८ फूट उंचीच्या लाटेवर स्वार झाले आणि तो तेव्हाचा विश्वविक्रम ठरला. त्या क्षणाचा व्हिडीओ जगभर पसरला. त्यानंतर हिवाळा हाच गावाचा दुसरा पर्यटन हंगाम झाला. दीपगृहाच्या किल्ल्यात आता नामवंत सर्फरचे बोर्ड मांडलेले आहेत.

लाटा एवढ्या उंच का?

याचे उत्तर पाण्याखाली आहे. नाझारेसमोर समुद्रतळात २०० किलोमीटरहून अधिक लांबीची दरी आहे. काही ठिकाणी ती पाच हजार मीटर खोल असून तिचे टोक थेट किनाऱ्याजवळ येते. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, खोल पाण्यात तो टिकून राहतो. त्यामुळे उत्तर अटलांटिकमधील वादळांतून निघालेल्या एकाच लाटेचा दरीवरून येणारा भाग वेगाने पुढे सरकतो, तर शेजारच्या उथळ तळावरून येणारा भाग मागे रेंगाळतो. वेगातील या फरकामुळे लाट वळते आणि दोन्ही भाग किनाऱ्यापाशी एकमेकांवर चढतात. किनाऱ्याकडून परतणाऱ्या प्रवाहाचीही त्यात भर पडते. म्हणूनच दरीच्या उत्तरेला पाण्याचे डोंगर उभे राहत असताना दक्षिणेकडील गावाच्या मुख्य किनाऱ्यावर त्या मानाने बरीच शांतता असते.

सर्फिंग आणि कॅमेऱ्याचे नाते किती जुने?

हवाई बेटांवरील मूळ रहिवाशांची ही कला अमेरिकेत आणि जगभर लोकप्रिय करण्यात चित्रपटांचा वाटा मोठा आहे. ब्रूस ब्राऊन यांच्या ‘द एंडलेस समर’मध्ये दोन तरुण सर्फर उन्हाळ्याचा पाठलाग करत आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती असे फिरतात. १९६६ मध्ये सर्वत्र प्रदर्शित होण्यापूर्वी ब्राऊन हा चित्रपट गावोगावी सभागृहांत दाखवत आणि निवेदनही स्वतःच करत. ‘बोर्ड घ्यावा आणि अनोळखी किनारा शोधत निघावे’ हे स्वप्न त्यातून रुजले. नंतर व्हिडीओ कॅसेट आल्या. टेलर स्टील यांच्या १९९२ मधील ‘मोमेंटम’ने केली स्लेटरच्या पिढीची शैली घराघरांत नेली. एकच वळण पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहण्याची सोय मुलांना मिळाली.

‘गोप्रो’ कॅमेऱ्याचा जन्मही सर्फिंगमधूनच झाला. निक वुडमन यांना ऑस्ट्रेलिया व इंडोनेशियाच्या सहलीत लाटेवर असतानाची छायाचित्रे हवी होती. त्यातून २००२ मध्ये कंपनी उभी राहिली. २००४ मध्ये आलेला तिचा पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा आणि फिल्मवर चालणारा होता. व्हिडीओ आता थेट लाटेच्या पोटातून येऊ लागले.

व्हिडीओ पाहून सर्फिंग शिकता येते का?

काही प्रमाणात. बोर्डवर पालथे झोपून एका झटक्यात उभे कसे राहायचे, पाय कुठे ठेवायचे, नजर कुठे हवी, हे संथ गतीत पाहून समजते आणि घरच्या फरशीवर त्याचा सरावही करता येतो. पण लाटेवरचा वेळ हा पाण्यातील एकूण वेळेचा अगदी लहान हिस्सा असतो. बाकीचा वेळ हातांनी पाणी कापत आत जाण्यात आणि वाट पाहण्यात जातो. लाट कुठे फुटेल हे ओळखणे, समुद्राकडे ओढून नेणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी न झुंजता आडवे पोहून बाहेर पडणे, पडल्यावर श्वास आणि धीर टिकवणे या गोष्टी अनुभवी व्यक्तीसोबत पाण्यातच शिकाव्या लागतात.

सर्फिंगची अलिखित शिस्तही तशीच. लाट जिथे फुटू लागते त्याच्या सर्वांत जवळ असलेल्या सर्फरचा त्या लाटेवर पहिला हक्क. ही शिस्त मोडली तर दोन बोर्ड एकमेकांवर आदळतात. शिवाय लाटा येण्याची ठिकाणे गुपित ठेवण्याची जुनी प्रथा होती. एक व्हिडीओ गाजला, की ते गुपित संपते आणि नवख्यांची गर्दी होते.

चौकटीबाहेर काय राहते?

नाझारेच्या व्हिडीओत सर्फर एकटा दिसतो. प्रत्यक्षात त्याला लाटेवर सोडणारी जेट स्की असते, त्याला उचलण्यासाठी दुसरी तयार असते आणि कड्यावर वॉकीटॉकी घेऊन लाटांवर नजर ठेवणारा सहकारी असतो. सर्फरच्या अंगात हवेने फुगणारे जॅकेट असते. एवढे करूनही धोका टळत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्राझीलच्या माया गाबेरा येथे लाटेखाली सापडून बेशुद्ध झाल्या. सहकारी कार्लोस बुर्ले यांनी त्यांना किनाऱ्यावर आणले आणि तेथे छाती दाबून त्यांचा श्वास परत आणावा लागला. त्यानंतर शस्त्रक्रिया आणि दीर्घ सराव करून त्या परतल्या. जानेवारी २०१८ मध्ये ६८ फूट आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ७३.५ फुटांच्या लाटेवर स्वार होत त्यांनी महिलांचा विश्वविक्रम नोंदवला. पहिल्या विक्रमाला मान्यता मिळावी म्हणून त्यांना ऑनलाइन स्वाक्षरी मोहीम चालवावी लागली होती. मोठ्या लाटांचा दांडगा अनुभव असलेले ब्राझीलचे मार्सियो फ्रेरी मात्र जानेवारी २०२३ मध्ये येथेच मृत्युमुखी पडले.

लाटेची उंचीही कॅमेराच ठरवतो?

होय. फुटणाऱ्या लाटेला मोजपट्टी लावता येत नाही. सर्फरच्या शरीराची ज्ञात लांबी प्रमाण मानून छायाचित्र आणि व्हिडीओंवरून तिची उंची काढली जाते. जर्मनीच्या सेबास्टियन स्टॉइटनर यांची २९ ऑक्टोबर २०२० ची लाट अशा विश्लेषणानंतर ८६ फुटांची ठरली. त्या विक्रमावर शिक्कामोर्तब व्हायला मे २०२२ उजाडले. मात्र तोच कॅमेरा फसवतोही. दूरवरून मोठ्या झूमने टिपल्यावर दीपगृह आणि लाट यांच्यातील अंतर मिटल्यासारखे होते आणि लाट आहे त्याहून अधिक अंगावर आल्यासारखी दिसते.

भारतातील चित्र काय?

भारतातील सर्फिंगची मुख्य केंद्रे तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यांवर आहेत. मुंबईत वाढलेल्या इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना सर्फिंगकडे वळल्या. २००७ मध्ये तुषार पथियान यांच्यासह त्यांनी कर्नाटकात ‘शाका सर्फ क्लब’ सुरू केला. देशातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून त्या ओळखल्या जातात. २०१४ च्या ‘बियाँड द सरफेस’ या माहितीपटातून त्यांची कहाणी जगासमोर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथील आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल यांनी कांस्यपदक जिंकले.

या यशाच्या क्लिप पाहून अनेकांना बोर्ड हाती घ्यावासा वाटेल आणि त्यात गैर काही नाही. सुरुवात मात्र प्रशिक्षकासोबत, कमरेएवढ्या पाण्यात आणि छोट्या लाटांवर व्हायला हवी. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा अनुभवी सर्फरही आधी बराच वेळ किनाऱ्यावर उभे राहून पाणी पाहतो. अनेकदा तो बोर्ड उचलून घरी परततो. तो व्हिडीओ कुणी काढत नाही.